सहा जणांचा गोल्फ

आमच्यापैकी कोणालाही गोल्फ खेळायचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर गावात बरंच काही पसरलं. जळगावात एखादी गोष्ट पसरायला दोन दिवस लागतात आणि खोडून काढायला जन्म पुरत नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय.

नव्वद सालच्या पुढेमागे आम्ही सहा जण रोज सकाळी हायवेच्या कडेनं फिरायला जायचो. मी, माझं पाइप आणि फिटिंगचं दुकान. एक वकील, ज्यांना कोर्टात बोलायला फारसं मिळत नसे आणि उरलेलं ते आमच्यावर काढत. एक दातांचे डॉक्टर. रावेरकडचे दोन केळीवाले सख्खे भाऊ. आणि नाना. नाना मूळचे शिरपूरजवळच्या खेड्यातले, जळगावात त्यांची डाळमिल होती. वयानं आमच्यात मोठे, त्यामुळे चहाला कुठल्या टपरीवर थांबायचं ते नानाच ठरवायचे.

नानांना एकच मुलगी. ती पुण्याला डॉक्टर झाली आणि तिथल्याच एका डॉक्टर मुलाशी तिनं रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला होता, पण जात दुसरी होती. नानांनी त्याच दिवशी ओट्यावर उभं राहून सांगितलं, "माले पोर नही." पुढे ती दोघं नोकरीसाठी स्कॉटलंडला गेली. तिथून तिची निळी पत्रं यायची. नाना पत्र हातात घ्यायचे, पुढून-मागून बघायचे आणि पोस्टमनला परत द्यायचे. पोस्टमन त्यावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून घेऊन जायचा. सहा वर्षं हा कार्यक्रम चालला. शेवटी शेवटी तर पोस्टमन शेरा आधीच लिहून आणायचा.

नानांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. मुलीनं आईसाठी दुसरी वाट काढली होती. आईची पत्रं ती माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवायची. वहिनी नळाचा वॉशर न्यायच्या निमित्तानं यायच्या आणि काउंटरशी उभ्या राहून पत्र वाचायच्या. मग मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसेनासं झालं आणि वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. एकीकडे गिऱ्हाईक एल्बो मागतंय आणि दुसरीकडे आपण मोठ्यानं वाचतोय, 'आई, तू रडू नकोस.' मला ते जमायचं नाही. माझाच आवाज फुटायचा आणि मग मी गिऱ्हाइकावर खेकसायचो.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. पण आपली आपण येत नाहीत, माहेरचं कोणीतरी आणायला जावं लागतं. त्याला मूळ जाणं म्हणतात. मुलीनं दर पत्रात एकच लिहिलेलं असे: नाना मूळ म्हणून आले तर मी येईन, नाहीतर नाही. हा हट्ट तिच्यात कोणाकडून आला, हे मला कोणी विचारू नये.

एका दिवाळीनंतर वहिनी वॉशर न घेताच आल्या. म्हणाल्या, "भाऊ, डोया जाई राहिनात मना. त्यास्ले कसं बी करीसन तठे लई जा. पोरनं नाव काढू नका, दुसरं काही बी सांगा."

डोळे जायच्या आत नानांना तिकडे न्यायचं होतं, पण मुलीचं नाव न काढता दुसरं काही सांगणं सोपं नव्हतं. देवदर्शन म्हणावं तर स्कॉटलंडला आमच्यापैकी कोणाचंच कुलदैवत नव्हतं. केळीवाल्यांनी ठिबक सिंचन बघायला जाऊ असं सुचवलं. नाना म्हणाले, "तठे बारा महिना पानी पडस. ठिबक कसाले?" मुद्दा बिनतोड होता. किल्ले बघू म्हटलं, तर त्यांना दगड बघायचे नव्हते.

मग वकिलांनी स्टेशन रस्त्यावरच्या ट्रॅव्हल एजंटकडून एक रंगीत माहितीपत्रक आणलं. सहा जणांचा गट, आठ दिवस, गोल्फ. मी नकाशा काढून बघितला. गोल्फचं मैदान मुलीच्या गावापासून अकरा मैलांवर होतं. मी नकाशाची घडी घातली आणि त्या दिवसापासून आम्ही गोल्फर झालो.

नाना तरुणपणी पंचक्रोशीत विटीदांडूचे राजे होते. वकिलांनी तेवढंच धरून ठेवलं. म्हणाले, "नाना, हा विटीदांडूच आहे. फक्त विटी गोल आहे आणि ती उडवायला कोणी सांगत नाही, आयती ठेवलेली असते."

"आयती?" नाना थांबले. "मंग त्यास्ले काय येस?"

"तेच तर दाखवायचं आहे त्यांना."

नाना पुढे चालू लागले. टपरीवर बशीत चहा ओतताना म्हणाले, "जाऊत." एका शब्दात ठरलं. मला वाटलं, एवढा हुशार माणूस इतक्यात कसा फसला. स्वतःच्या चातुर्याचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं.

एजंट म्हणाला, व्हिसासाठी वकिलातीत मुलाखत होते, निदान काठी कशी धरतात ते तरी यायला हवं. म्हणून सराव सुरू झाला. काठ्या माझ्या दुकानात तयार झाल्या. अर्ध्या इंचाचा जीआय पाइप, खाली काटकोनी वळणाचा एल्बो, एल्बोला निपल म्हणजे बोटभर नळीचा तुकडा, तोंड बंद केलेला. वजनाला जरा जास्त होत्या, पण गळत नव्हत्या. डॉक्टरांनी नाशिकच्या कुणा नातेवाइकाकडून खरे तीन चेंडू आणले. ते रोज मोजून डब्यात ठेवायचे, दात ठेवतात तसे.

मैदान म्हणून नशिराबादच्या वाटेवरचं केळीवाल्यांच्या पाहुण्यांचं एक शेत मिळालं. कापूस वेचून झाला होता, पऱ्हाटी उपटलेली होती. नऊ खड्डे करायचं काम वकिलांनी दोघा भावांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन खड्डे, दोन खड्ड्यांत बरोबर पाच फूट अंतर, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाशी शेणखताचा ढीग. भावांची त्यात चूक नव्हती. आयुष्यभर त्यांनी जमिनीत खड्डा केला तो केळीचं खोड लावण्यासाठी. वकील त्यांच्यावर चिडले. नाना म्हणाले, ओळ सरळ आहे, राहू द्या.

त्या शेतात आम्ही दोन महिने गोल्फ खेळलो. चेंडू कुठेही मारला तरी कुठल्यातरी खड्ड्यात जायचाच, त्यामुळे सगळ्यांचा हुरूप वाढला. हायवेवरचे ट्रकवाले गाडी बाजूला घेऊन बघत उभे राहायचे. एकानं उतरून विचारलं, "पाणी लागलं का?" पाइप घेऊन सहा माणसं शेतात जमिनीकडे बघत फिरतायत म्हटल्यावर त्याचं तरी काय चुकलं.

नाना मात्र मन लावून खेळायचे. धोतराचा सोगा खोचून, टोपी डोळ्यांवर ओढून. मुलीचा विषय नाही, स्कॉटलंडचाही नाही. मीच एकदा खडा टाकून बघितला. म्हटलं, "नाना, तिकडे गेल्यावर आसपासची गावंही बघून घेऊ."

"गोल्फ खेळाले जाई राहिनूत ना?" नाना म्हणाले. मी खड्ड्यातला चेंडू काढायला वाकलो.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी एजंटनं आम्हाला त्याच्या ऑफिसात ओळीनं बसवून पढवलं. कशाला जाताय? गोल्फ. किती दिवस? आठ. परत येणार? हो. शेवटचं त्यानं बोट वर करून सांगितलं. "तिकडे कोणी नातेवाईक आहे का असं विचारतील. सरळ नाही म्हणायचं. मुलगी-मुलगा तिथे आहे म्हटलं की त्यांना वाटतं हा माणूस राहून जाणार. मग कागद अडकतो." आणि त्यानं एकेकाची परीक्षा घेतली. मी नाही म्हणताना घुटमळलो, माझं तिकडे कोणी नसूनही. केळीवाला धाकटा हसला. नानांनी मात्र क्षणात सांगितलं, "कोनी नही."

एजंट खूश झाला. "असं पाहिजे! चेहऱ्यावर रेष हलली नाही. बाकीच्यांनी नानांसारखं म्हणा."

त्याला काय माहीत, नानांची सहा वर्षांची तालीम होती. मी भिंतीवरच्या विमानाच्या चित्राकडे बघत राहिलो. मला पहिल्यांदाच या सगळ्याची लाज वाटली. मुलीकडे न्यायचं म्हणून आम्ही बापाला नेत होतो आणि त्यासाठी त्याला मुलगी नाही असं म्हणायला शिकवत होतो.

मुंबईत वकिलातीत आम्ही सहा जण खुर्च्यांवर बसलो. डॉक्टरांनी खिशात एक चेंडू आणला होता, पुरावा म्हणून. त्याला हात लावायची वेळ आली नाही. वकील, डॉक्टर, दोघे भाऊ एकेक करून खिडकीशी जाऊन आले. मग नाना गेले. त्यांना इंग्रजी बोलायला नको वाटायचं म्हणून मी मागे उभा राहिलो. पण काचेपलीकडे साहेबाच्या शेजारी मराठी बोलणारी एक मुलगीच बसलेली होती. तिशीच्या आतली, केस मागे बांधलेले. साहेब विचारायचा आणि ती मराठीत सांगायची.

कशासाठी जाताय? गोल्फ. किती दिवस? आठ. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग ती म्हणाली, "काका, तिकडे तुमचं कोणी आहे का?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी पुढे वाकून हळूच म्हटलं, "नाना, नातेवाईक विचारतायत."

"मनी पोर शे," नाना म्हणाले.

ती जरा गोंधळली. तिला ते नीट कळलं नसावं. नानांनी मग तिच्यासाठी सावकाश, शाळेत म्हणावं तसं सांगितलं, "माझी मुलगी आहे तिथे. एकच आहे."

साहेबानं पेन उचललं. पत्ता काय, असं तिनं विचारलं. पत्ता माझ्याकडे होता, खिशातल्या डायरीत. मी डायरी काढेपर्यंत नानांनी बोलायला सुरुवात केली होती. घराचा नंबर. रस्त्याचं नाव, तेही एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून. गाव. परगणा. आणि शेवटी तिकडचा तो अक्षरं आणि आकडे मिसळलेला पिनकोड, जो मी सहा वर्षांत एकदाही न बघता लिहू शकलो नव्हतो. कुठे अडले नाहीत. मी डायरी उघडून ताडून बघितला. एक अक्षर चुकलेलं नव्हतं.

मुलीला तुम्ही येताय हे माहीत आहे का, असं साहेबानं विचारलं. नाना म्हणाले, नाही. साहेब सभ्य होता. त्यानं सांगितलं, मुलीचं बोलावल्याचं पत्र आणा, मग बघू. आम्हा पाच जणांचा व्हिसा झाला. ज्याच्यासाठी सगळं केलं त्याचा राहिला.

परतीच्या गाडीत डॉक्टर खिशातला चेंडू हातात फिरवत बसले. वकिलांनी एकच वर्तमानपत्र तीनदा वाचलं, यावरून काय ते समजा. नाशिकच्या पुढे मला राहवेना. विचारलं, "नाना, पत्ता पाठ कसा तुम्हाला?"

"पाकिटवर लिखेल शे ना," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मग मला ते पुढून-मागून बघणं आठवलं. आणि हेही कळलं की मैदान अकरा मैलांवर आहे, हे काही मी एकट्यानं शोधून काढलेलं नव्हतं. माझ्या चातुर्याचं काय झालं ते मी इथे लिहीत नाही.

नानांनी मुलीला पत्र लिहायला तीन दिवस घेतले. वहिनी म्हणाल्या, लिहितात आणि फाडतात, घरात झाडू मारून हात दुखले. शेवटी पाकीट डकवून त्यांनी स्वतः पेटीत टाकलं. आत काय लिहिलं ते कोणालाच कळलं नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, या वेळी नानांच्या घरी. पोस्टमननं सवयीप्रमाणे शेरा लिहूनच आणला होता. नानांनी पत्र घेतलं आणि दार लावून घेतलं. तो बिचारा बराच वेळ ओट्यावर वाट बघत उभा होता.

एका हातात पाइप आणि दुसऱ्यात ते बंद पत्र घेऊन नाना शेतात आले. आम्ही पाच जण आपापले पाइप घेऊन उभे होतो. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. म्हणाले, "उघड." त्यांना तिची पत्रं हातात घ्यायची सवय होती, उघडायची नव्हती.

आत साहेबाला द्यायचं इंग्रजी पत्र होतं, टाइप केलेलं. मी ते मराठी करत वाचू लागलो. माझे वडील माझ्या घरी राहतील. त्यांची सगळी जबाबदारी माझी. येण्याचं कारण, असं लिहून पुढे तिनं लिहिलं होतं की आमच्या भागात आखाजी नावाचा सण असतो. त्याला लेकी माहेरी जातात, पण एकट्या जात नाहीत. कोणीतरी न्यायला यावं लागतं. माझे वडील मला न्यायला येत आहेत.

एवढं वाचून मी कागद वकिलांकडे दिला. त्यांनी तो डॉक्टरांकडे दिला.

नाना खड्ड्यांच्या सरळ ओळीकडे बघत उभे होते. मग त्यांनी विचारलं, "गोल्फनं काही लिखेल शे का?"

"नाही, नाना."

"बरं शे," नाना म्हणाले आणि हातातला पाइप मला परत दिला.

त्या पत्रावर नानांचा व्हिसा झाला. आम्ही पाच जण गेलो नाही. मूळ म्हणून एक माणूस पुरतो. नाना गेले त्या दिवशी आम्ही स्टेशनवर होतो, वहिनी रिक्षा करून आधीच येऊन बसल्या होत्या. नाना इस्त्रीचं धोतर, कोट, टोपी अशा थाटात डब्याच्या दारात उभे राहिले. वकिलांना शेवटपर्यंत काळजी. म्हणाले, "नाना, विमानतळावर परत कोणी कशाला जाताय विचारलं, तर काय सांगाल?"

नानांनी आमच्याकडे बघितलं, मग वहिनींकडे. आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "सांगसू, मनी पोरले लेवाले जास."