पट्टीची वेळ

विहीणबाई आमच्याकडे प्रथम राहायला आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन साड्या होत्या; बाकी सगळा कचरा. हा शब्द मी त्यांच्यासमोरच वापरला. जुन्या लग्नपत्रिका, टिकल्यांची पाकिटे, घोटीव कागद, लोकरीचे तुकडे, मण्यांची बरणी. त्यांनी ते सारे शांतपणे फरशीवर मांडले. म्हणाल्या, "कचराच हाय, सर. पण पोरीला लई दिवस पुरंल."

नरसाबाई देगलूरच्या, घरची भाषा तेलुगू. त्यांची मुलगी माझी सून. मुलगा आणि सून उदगीरातच नोकरी करतात, त्यामुळे पाच वर्षांची नात स्वरा दिवसभर माझ्यापाशी असते. तिचा डावा डोळा अधू असल्याचे शाळेच्या तपासणीत कळले. लातूरच्या डॉक्टरांनी चष्मा दिला आणि सांगितले, रोज दोन तास उजव्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावा. त्या वेळात डाव्याकडून बारीक काम करून घ्या. हे लहानपणीच साधते. वय निघून गेले की डोळा बहुधा तसाच राहतो.

मी गणिताचा शिक्षक होतो. शिस्तीने सर्व होते, अशी माझी समजूत. पट्टी लावून मी तिच्यापुढे अंकलिपी ठेवत असे. ती पट्टी ओरबाडून काढत असे. आठवडाभर हेच चालले. शेवटी सुनेने आईला बोलावून घेतले.

पहिल्या दुपारी नरसाबाईंनी नातीला पट्टी लावलीच नाही. "आधी आबांना लावू," त्या म्हणाल्या. "आबा रडतेत का बघू." माझ्या चष्म्याच्या एका काचेवर स्वराने गुलाबी कागद चिकटवला. मी रडलो नाही. त्यामुळे तिलाही रडता येईना.

मग रोजचा क्रम लागला. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर नरसाबाई पेन्सिलीने वेल काढत. स्वरा रेघेवर टिकल्या लावी. आधी मोठ्या, पुढे मोहरीएवढ्या. मैद्याच्या खळीने माझी फरशी चिकट झाली. एकदा ती पत्रिकेवरचा गणपती कापत होती, तेव्हा मी म्हणालो, "विहीणबाई, देवावर कात्री चालवू नये."

"कापून राहिली न्हाई, सर. सोडवून राहिली. एवढ्या पाहुण्यांच्या नावांत कवाचा अडकलाय."

"अम्मम्मा, सोंड तुटली," स्वरा म्हणाली.

"तुटू दे. लोकरीची लावू."

एका गोष्टीवर मात्र त्या चिडत. डॉक्टर त्या डोळ्याला आळशी म्हणत, म्हणून मीही म्हणे. "आळशी म्हणू नका," त्या म्हणत. "त्याला कुणी काम सांगितलं न्हाई, एवढंच." हे वाक्य मी अनेकदा ऐकले. त्यात काही अधिक असेल, असे वाटले नाही.

काही महिन्यांनी फेरतपासणीला आम्ही तिघे लातूरला गेलो. उजवा डोळा झाकून डॉक्टरांनी भिंतीवरच्या चित्रांकडे बोट केले. स्वरा म्हणाली, "गोडुगु." डॉक्टरांचा चेहरा उतरला. पुढच्या चित्राला ती म्हणाली, "चेपा." त्यांनी लिहायला पेन उचलले.

"थांबा," मी म्हणालो. "गोडुगु म्हणजे छत्री आणि चेपा म्हणजे मासा. तेलुगू आहे. तिला दिसते आहे." कागद कापताना आजीने जी नावे सांगितली, तीच तिच्या तोंडात बसली होती. ऐकून ऐकून मलाही येत होती.

डॉक्टर हसले. डोळा सुधारत होता. पट्टी मात्र बरीच चालवावी लागणार होती. लिहिता लिहिता त्यांनी विचारले, "घरात आणखी कुणाला असा त्रास आहे?"

मी नाही म्हणणार, तोच मागच्या बाकावरून नरसाबाई म्हणाल्या, "मला हाय. डावाच. निस्तं धुकं दिसतं त्यातनं. लहानपणी कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई." सुई त्या नेहमी नातीकडून ओवून घेत. ती शिकवण्याची युक्ती आहे, असे मी समजत होतो.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "आधी सांगायचे होते."

"सांगून काय, सर? तुमी माझ्या डोळ्याकडं बघत बसला असता. पोरीचा ऱ्हायला असता."

गेल्या हिवाळ्यात काही दिवस देगलूरला परतल्या असताना त्या झोपेतच गेल्या. निरोप सकाळी आला. मुलगा आणि सून तातडीने निघाले. स्वरा माझ्यापाशी राहिली. तिला काही सांगितले नव्हते. दुपारी मी पट्टी लावली. तिने कागद-कात्री काढली आणि मोर मागितला. आजवर मी काही कापून दिले नव्हते. निळ्या कागदाचा एक मोर कापला.

"आबा, ही कोंबडी झाली."

"असू दे. पिसाऱ्याला टिकल्या लाव."

"किती लावू?"

"पट्टी सुटेपर्यंत लाव."