उभी आणि आडवी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी रत्नागिरीच्या खडकांवरून सी अर्चिन आणले होते. काळ्या काट्यांचे जिवंत गोळे, समुद्राच्या पाण्याच्या कॅनसकट सांगलीच्या आमच्या प्रयोगशाळेत. त्यांच्या फलित अंड्याच्या आठ पेशी झाल्या, की काचेच्या बारीक सुईने त्याचे दोन तुकडे करायचे आणि कुठला तुकडा पुढे काय होतो ते बघायचं, हा माझा उद्योग. कितीतरी अंड्यांचा चेंदा केला, तेव्हा कुठे चार नीट तुटली. मी खुशीत होते.

घरी कडेगावात मात्र वाटणी चालली होती. उसाचं रान मधोमध आडवं तोडायचं, खालचं वडिलांना, वरचं धाकट्या काकांना. क्षेत्र सारखंच, फक्त विहीर खाली. “फौजेतनं आल्यावर ही हीर म्या खणली,” हे वडिलांचं पालुपद. काका गप्प बसायचे. मला वडिलांचा राग यायचा, पण तोंडावर बोलायची छाती नव्हती.

त्याच आठवड्यात वडील हळद घेऊन मार्केटला आले आणि आईचा डबा द्यायला प्रयोगशाळेत डोकावले. मी त्यांना लगेच सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

“ह्ये उभं तोडल्यालं, आप्पा. दोन्ही अर्धी लहान हायत, पण पुरी झाली. तोंड, आतडं, सगळं.”

“आन् ह्यो गरागरा फिरतोय त्यो?”

“त्यो आडवा तोडला. ह्यो वरचा अर्धा. पोट करायचं सामान खालच्या पेशीत असतंय, ते ह्याला मिळालंच न्हाई. पवतोय झकास, पण खाता येणार न्हाई.”

शपथेवर सांगते, मी फक्त माझ्या प्रयोगाबद्दल बोलत होते. वडील बराच वेळ डोळा लावून बसले.

“त्येला आता पोट देता येतंय का?”

“आधीच खालच्या चार बारीक पेशी चिकटवल्या असत्या, तर झालं असतं. आता उशीर झाला.”

ते उठले, खिडकीपाशी गेले आणि काकांना फोन लावला. “मोजणी सोमवारी हाय न्हवं? रेघ उभी मारू. हिरीचा काठ दोघांच्या बी तुकड्यात यिऊ दे.”

पलीकडून इतका वेळ काहीच आवाज आला नाही, की फोन कट झाला का म्हणून त्यांनी कानावरून काढून पाहिला.

“हाईस न्हवं रं?” ते म्हणाले.