खवट होण्याआधी

लक्ष्मीमावशींचा फोन आला तेव्हा मी शहरातल्या कॅम्प भागात, मी शिकवतो त्या शाळेत, वर्गाबाहेर उभा होतो. उचगावच्या पोल्ट्री शेडवर माझ्या थोरल्या बहिणीच्या, रंजनाआक्काच्या, हाताखाली त्या काम करतात. "सर, आक्का खुर्चीवर बसल्यात. बोलंनात," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "कोंबड्या बी बोलंनात..."

मी पोचलो तेव्हा दुपार चांगली तापली होती. शेडच्या मधोमध, दोन भाग करणाऱ्या जाळीपाशी आक्का प्लास्टिकच्या खुर्चीवर मान कलती करून बसली होती. पंखे फिरत होते. एवढं शेड पक्ष्यांनी भरलेलं, आणि मला माझाच श्वास ऐकू येत होता. कोंबड्या तिच्याभोवती पाय दुमडून बसल्या होत्या, सगळ्यांची तोंडं तिच्याकडं. एक तिच्या मांडीवर होती. मी त्या कोंबडीला उचललं तेव्हा तिनं पंखसुद्धा फडफडवला नाही. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. आक्काचा मुलगा परदेशातून यायचा होता, म्हणून तिला बर्फाच्या पेटीत ठेवलं. काचेतून दिसणारा तिचा चेहरा काल झोपली असावी इतका ताजा होता.

आमचं बालपण निपाणीचं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. घरात कोंबडी शिजायची ती क्वचित, आणि आई त्यातलं थोडं दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्याला एक वास यायचा, जुन्या तेलासारखा. आई आम्हाला भाकरी-आमटी वाढायची आणि ते स्वतः खायची, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. मी हे विसरून गेलो होतो. आक्का विसरली नाही. ती शिकली, पशुखाद्याच्या कारखान्यात मोठ्या जागेवर गेली, निवृत्त झाल्यावर उचगावला शेड घातलं, ते त्या वासाच्या मागं लागूनच.

"चरबीला हवा लागली की ती गंजती रं, लोखंडासारखी," ती मला सांगायची. "उन्हाळ्यात पक्षी धापा टाकतोय ना, तवाच आत सुरू हुतंय ते. मेल्यावर मांसात जोर करतंय. पण जित्तेपणी त्याला खायला काय घातलंय, त्यावर हाय सगळं." म्हणून जाळीच्या एका बाजूला साधं खाद्य. दुसऱ्या बाजूला त्याच खाद्यात ई जीवनसत्त्व, सेलेनियम, हळद आणि शेवग्याच्या पाल्याची पूड. दोन्हींकडचं मांस फ्रिजमध्ये ठेवायचं, मग शिजवून चव बघायची, हे ठरलेलं. तेवढं राहून गेलं.

नातेवाईक म्हणाले, सगळा माल एकदम विकून टाका. लक्ष्मीमावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आक्काचं काम अर्ध्यावर न्हाय सोडायचं, सर." म्हणून विकण्याआधी आम्ही दोन्ही बाजूंचे काही पक्षी ठेवून घेतले आणि त्यांचं मांस आक्काच्या फ्रिजमध्ये ठेवलं. दार उघडलं की पांढरा गारवा अंगावर यायचा आणि मला ती काचेची पेटी आठवायची.

पुढच्या रविवारी मावशींनी ते बिनमिठाचं उकडलं आणि दोन ताटल्या माझ्यापुढं ठेवल्या. कुठली कुठल्या बाजूची, ते त्यांनाच ठाऊक. पहिल्या ताटलीतला घास तोंडात घेतला आणि निपाणीची खोली, चुलीपाशी पाठमोरी बसलेली आई समोर उभी राहिली... तोच वास. मग दुसऱ्या ताटलीतला घास घेतला. स्वच्छ, गोडसर, आत्ताच कापल्यासारखा. मेलेल्या जिवानं इतकं ताजं राहावं, याची मला भीती वाटली. तरी मी ताटली संपवली.

"हीच आक्काची," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

शेड धुऊन, जमिनीवर भाताचं नवं तूस पसरून आम्ही पिल्लं आणली, सगळ्यांना आक्काचंच खाद्य. गेल्या आठवड्यात संध्याकाळच्या उन्हात आम्ही दोघं दारात उभे होतो. रोज या वेळेला आक्का दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एकदा चालून यायची, पाय घासत, सावकाश. दचकलेल्या पक्ष्याचं मांस बिघडतं, म्हणायची.

पिल्लं एकाएकी गप्प झाली. मग दाराजवळची बाजूला सरली. त्यांच्या पुढची सरली. मधे माणूसभर रुंदीची तुसाची मोकळी जागा झाली आणि ती हळूहळू पुढं सरकू लागली. तिच्या मागं पिल्लं पुन्हा एकत्र येत होती. भिंतीपाशी ती जागा थांबली.

"ह्यांनी तर आक्काला बगितलंबी न्हाय," मावशी हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

मोकळी जागा आमच्या दिशेनं वळली. मी दारातून बाजूला झालो, तिला बाहेर यायला वाट असावी म्हणून.