एका शिडावरची फेरी

समुद्र बघायच्या आधी मी शिडाची होडी चालवायला शिकले. वर्धा जिल्ह्यातली पोरगी आणि होडी, असं म्हणून हसणारे पुष्कळ भेटले. मी म्हणते, वाऱ्याला काय तुमचं आधार कार्ड लागतं? धरणाचं पाणीसुद्धा पाणीच असतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडी आमच्याकडे जो वारा सुटतो तो किनाऱ्यावरच्यांनी एकदा येऊन खाऊन बघावा.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमच्या धरणावर शिबिर लागलं होतं. शेवटच्या दिवशी चाचणी होती आणि तिच्यातून राज्याच्या संघासाठी सुकाणू धरणाऱ्या चौघांची नावं जाणार होती. मला त्या चौघांत जायचंच होतं. होडीला दोन शिडं असतात: डोलकाठीमागचं मोठं, आणि तिच्या पुढचं लहान तिकोनी. त्या लहान्याला आम्ही जिब म्हणायचो. चाचणीच्या आदल्या दिवशी आमच्या जिबची कड उसवलेली दिसली. आईकडे शिलाई मशीन आहे, म्हणून शिबिराच्या सरांना विचारून मी ती पिपरी मेघेला घरी घेऊन आले.

आईनं कड शिवली, आणि एक नंबर शिवली. पण तेवढ्यावर थांबेल ती माझी आई कसली. आमच्या घरी पौर्णिमेला बुद्धवंदनेसाठी पांढरी पातळं निघतात, आणि पांढरं कापड नीळ आणि कडक इस्त्री झाल्याशिवाय कपाटात जातच नाही. गाळानं मळलेली ती जिब तिला बघवली नाही. तिनं ती धुतली, निळीतून काढली, आणि सुती पातळाला लागते तेवढी तापवून इस्त्री फिरवली. शीड पॉलिस्टरचं होतं. इस्त्री चिकटली आणि तळहाताएवढं भोक पडलं.

"माह्या हातानं जरासं जळलं व," म्हणत सकाळी तिनं पिशवी माझ्या हातात दिली. भोकावर तिच्या जुन्या पातळाचं ठिगळ होतं, अगदी बारीक टाक्यांचं. मला राग आला होता. पण तिचं तोंड इतकंसं झालं होतं की मी मुकाट्यानं बस धरली.

चाचणीला सहा होड्या होत्या. पाण्यात तीन लाल पिंपं सोडली होती, त्यांना वळसा घालून परत यायचं. माझी जोडीदार आष्टीची होती. जिबची दोरी तिच्या हातात आणि सुकाणू माझ्या. निघालो, आणि पहिल्याच झोताला ठिगळ फाटलं. भोक कडेपर्यंत उसवत गेलं आणि जिबच्या चिंध्या फडफडायला लागल्या. आम्ही ती खाली घेतली.

"परत फिरा!" काठावरून सरांचा भोंगा वाजला. "एका शिडावर नाही जमायचं!"

"आता मी काय धरू व?" जोडीदारानं विचारलं.

"जीव मुठीत धर अन् मांगं सरक," मी म्हटलं, आणि होडी पहिल्या पिंपाकडे घातली.

सर अगदीच चुकीचं बोलत नव्हते. मोठं शीड होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवतं, जिब ते बाजूला ओढते. दोघांच्या ओढाताणीत होडी सरळ चालते. जिब गेली की होडी हट्टी बैलासारखी वाऱ्यातच तोंड खुपसते. मी पाण्यात सोडलेली मधली फळी थोडी वर घेतली, दोघींचं वजन मागे नेलं, शीड जरासं सैल सोडलं. सुकाणू हाताला हलकं लागलं. पण पहिल्या पिंपाशी वळताना मी घाई केली आणि होडी ऐन वाऱ्यात तोंड करून उभी राहिली. काठावर कोणीतरी हसलं. होडी मागे सरकायला लागली तशी मी शिडाचा आडवा दांडा हातानं बाहेर ढकलून धरला, सुकाणू उलटं केलं, आणि तिला तोंड फिरवावंच लागलं. पुढच्या वळणाआधी मी होडी वाऱ्यापासून थोडी बाजूला पळवली, वेग घेतला आणि मगच वळवली. तिसऱ्या पिंपापर्यंत दोन शिडांच्या दोन होड्या आमच्या मागे होत्या. आम्ही चौथ्या आलो. मला इतका आनंद झाला की ओल्या कपड्यांनी मी काठावरच बसकण मारली.

शीड कसं फाटलं ते सरांनी विचारलं, मी धुण्या-इस्त्रीचं सगळं खरं सांगितलं. मग त्यांनी यादी केली. तिच्यात चौथं नाव माझं होतं. यादीखाली शेऱ्याची जागा होती. तिथं सही करायची होती. मी वाचलं: 'उमेदवाराच्या घरच्यांच्या अडाणीपणामुळे शीड निकामी झाले.'

"सर, हे कशाला?"

"वर उत्तर द्यावं लागतं. शीड काय धुणं आहे? तुमच्या लोकांना सामान द्यायलाच नको होतं."

"शीड घरी मी नेलं. माझं नाव लिहा. निष्काळजी लिहा, काय वाटेल ते लिहा."

"लिहिलंय ते बरोबर आहे. सही कर."

ज्या बाईनं आयुष्यात एक कापड चुरगळलेलं ठेवलं नाही, तिला अडाणी म्हणायचं आणि खाली मी सही करायची! मी पेन टेबलावर ठेवलं. "ते वाक्य खोडा," मी म्हटलं, "नाहीतर माझं नाव खोडा."

सरांनी माझं नाव खोडलं.

बसमध्ये नालवाडी येईपर्यंत मी रडले, खोटं कशाला बोलू. ती जागा मी कमावली होती. पण पेन पुन्हा उचलावंसं एकदाही वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.

आई दारातच उभी होती.

"काऊन व, नाई झालं? माह्या इस्त्रीपायी?"

"नाई व मा. ठिगळ मस्त टिकलं," मी म्हटलं. "वाराच पडला."