ओटीतलं वजन

किल्लारीच्या जगदेवीला सवत नव्हती, पण धाकटी जाऊ होती. आणि जळायला तेवढी पुरते. जाऊ सिंधु मुदखेडची, अंगणवाडीत नोकरीला. दरवर्षी भूकंपाच्या स्मृतिदिनाला शाळेत रक्तदान शिबिर व्हायचं आणि ही बया ऐटीत खाटेवर आडवी व्हायची. मग हार, टाळ्या, सरपंचाशेजारी फोटो. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सिंधु रक्त देती, बरं का!"

जगदेवीचा नुसता तिळपापड. का होऊ नये? भूकंपात तिची आई ढिगाऱ्यातून निघाली ती कुणा अनोळख्याच्या रक्तावर जगली. ते फेडायचं होतं तिला, म्हातारी डोळ्यांनी बघतेय तोवर. अन् मान कुणाला? जमीन हलली तेव्हा जी पाळण्यातसुद्धा नव्हती, तिला! जगदेवी दोनदा गेली आणि दोनदा काट्यावरूनच परतली. पंचेचाळीस किलोच्या आतल्या माणसाचं रक्त घेत नाहीत म्हणे.

"रक्त काय ज्वारी हाय का, तोलून घ्यायला?" ती फणफणली.

यंदा तिनं शक्कल लढवली. घरच्या तराजूचं दोन किलोचं लोखंडी वजन ओटीत खोचलं अन् वरून पदर घेतला. काटा सरकला पंचेचाळीसच्या पुढं. बोटाला सुई टोचून झाली, तेही निभावलं. जगदेवीनं सिंधुकडं असं पाहिलं, की बोल आता! खाटेवर चढायला पाय उचलला आणि ठण्ण! वजन फरशीवर.

अख्खी शाळा खो खो हसली. सिंधु मात्र हसली नाही. तिनं वाकून वजन उचललं. "पायावर पडलं का वो, अक्का?" त्या मायेनं जगदेवीच्या अंगाचा भडका उडाला. मेली हसली असती तर परवडलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला बसवलं.

"माझंबी रक्त लालच हाय की," जगदेवी म्हणाली.

"आहे ना, ताई. पण हा नियम तुमच्याच जिवासाठी आहे. एवढ्याशा अंगातून रक्त काढलं तर तुम्हीच आडव्या व्हाल. जेवता कधी?"

"समद्यांचं झाल्यावर."

"मग उरतं काय?"

जगदेवीनं मनातल्या मनात ताटं मोजली. सिंधुला कामावर जायचं, म्हणून पहिली गरम भाकरी तिची. मग सासूबाई, धनी, दीर, पोरं. थोरल्या सुनेनं शेवटी बसायचं, ही घरची रीत. हिच्या वाट्याला वाळका तुकडा अन् पातेलं खरवडून निघेल ते कालवण. मग सिंधु जे रक्त मिरवते, ते शिजलं कुणाच्या चुलीवर? घर येईस्तोवर हा विचार तिला चावत राहिला.

त्या सांजेला जगदेवीनं दोनच भाकरी थापल्या आणि कुणाला हाक मारली नाही. एकच ताट घेतलं. त्या दोन गरम भाकरी, भरलं वांगं, वर तुपाची धार, आणि चुलीपुढंच मांडी ठोकली. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. सिंधु उठून बाकीच्यांसाठी पीठ मळायला बसली, पण भाकरी काही तिला साधेना. ती मोडकी भाकरी बघून जगदेवीला घास आणखीच गोड लागला.

धनी दारात आला. "वाढ की गं, भूक लागली."

"थांबा," जगदेवी म्हणाली. "माझं व्हायचंय अजून."