शुक्रवारचा वस्तरा

आमची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. माझ्या हाताखाली नाईक दिगंबर, हैदराबादच्या चिक्कडपल्लीचा. त्याला जुन्या वस्तऱ्यांचं वेड. अफझलगंजच्या एका भंगारवाल्याकडून त्याने सात वस्तऱ्यांची पेटी मिळवली होती. प्रत्येकाच्या पाठीवर एकेका वाराचं इंग्रजी नाव. सहा घरी ठेवून शुक्रवारचा तो सोबत घेऊन आला, कारण लेक शुक्रवारी झाली होती.

पारख मला त्यानेच शिकवली. पातं नखावर हलकेच वाजवायचं. स्वच्छ नाद आला तर पोलाद सलग, बद्द आवाज आला तर आत तडा. मी म्हणायचो, "दुकानच टाक की."

"हौ, पेन्शन आल्यावर टाकतो. गल्ल्यावर तुम्हालाच बसवतो."

त्या सकाळी स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा सशस्त्र पहारा, संपला. दिगंबर दाढी करायला बंकरमध्ये गेला आणि वरचा बर्फाचा कडा सुटला. बंकर बर्फाखाली गेला. बाहेर आम्ही पाच जण, फावडी दोन.

मी रेडिओ सेट उचलला. "एक जवान दबा है. रेस्क्यू पार्टी भेजो. ओव्हर."

"रास्ता बंद है. खुद खोदो. ओव्हर."

आतल्या बुखारीचं, म्हणजे शेगडीचं, धुराडं वाकून बर्फाबाहेर आलं होतं. त्यातून आवाज आला. टिंग. टिंग. दिगंबर हातातल्या वस्तऱ्याने खालून नळी वाजवत होता. मी नळीला तोंड लावून ओरडलो, "आलो, दिगू. वाजवत राहा." पुन्हा टिंग. बोलत मात्र नव्हता. त्याच्या छातीवर तुळई होती, हे नंतर कळलं.

खणलेलं परत ढासळत होतं. एक फावडं मोडलं. जेवणाच्या मेसटिनने खणलं, हातांनी खणलं. एक जवान रडायला लागला, त्याला मी शिवी हासडली. रडत मीही होतो. आवाज लांब लांब अंतराने येऊ लागला. मग नळी गप्प झाली. आम्ही थांबलो नाही. तो हाती लागला तेव्हा अंग अजून कोमट होतं. त्या बर्फाला मी जन्मात माफ करणार नाही.

आता रिटायर होऊन हैदराबादलाच राहतो. मध्यंतरी एका शौकिनाने दिगंबरची पेटी मागितली. किंमत काय सांगावी, हे विचारायला त्याच्या बायकोने, वहिनींनी, मला बोलावलं. सहा वस्तरे अगदी नव्यासारखे. शुक्रवारचा त्याच्या सामानातून परत आलेला, पातं ठिकठिकाणी उडालेलं. म्हटलं, याने संच मोडला, आता हे सहा सुटे वस्तरे.

"दाढी करून पातं असं उडत नाही भाऊजी. एवढं मलाबी कळतं. कशानं झालं?"

तो जागीच गेला, असं घरी कळवलेलं होतं. समोर ते पातं असताना मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं.

"तुमचा आवाज त्यांना येत होता?"

"येत होता."

"काय म्हणत होता तुम्ही?"

"आलो, दिगू."

वहिनींनी पेटी मिटली.

"म्हणजे वाट बघत गेले," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.