बिनभाताचे रविवार

निखाऱ्याभोवती भुकेली माणसं बसली की किस्से आपोआप साठतात. आमचे तर एका उन्हाळ्यात इतके साठले, की मटण मागं पडलं.

सुरुवात झाली प्रकाशच्या शुगरमुळं. प्रकाश आमचा दहिवलीचा टेंपोवाला मित्र. घाटात ब्रेक फेल झाला तरी घाबरणार नाही, पण सुई दिसली की पांढराफटक! डॉक्टरांनी सांगितलं, भात-भाकरी बंद. पावसाळ्यापर्यंत शुगर उतरली नाही तर रोज इन्सुलिन टोचायचं. सगळ्यात जास्त हादरली त्याची आई. जन्मभर भात खाल्लेल्या त्या माउलीनं मुलासोबत स्वतःचाही भात सोडला. मग आम्ही मित्रांनी ठरवलं, दर रविवारी प्रकाशच्या अंगणात कोकराचं मटण भाजायचं. सोबत काकडी-कांदा, बस्स!

पहिलं कोकरू शेतातच मिळालं. खतासाठी प्रकाशनं शेतात धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या. धनगरबाबांनाही जेवायला बोलावलं. त्यांनी ताटाकडं नीट पाहिलं आणि फडक्यात बांधलेली स्वतःची भाकरी बाहेर काढली. प्रकाश त्या भाकरीकडं असा बघत होता, की लग्नात त्यानं सुनंदावहिनींकडंही तसं बघितलं नसेल.

मॅरिनेशन माझ्याकडं. दही, आलं-लसूण, वर वाटलेली कच्ची पपई. मटण चांगलं मऊ व्हावं म्हणून रात्रभर मुरवलं. सकाळी सळईत ओवायला गेलो तर तुकडे बोटांतून निसटायला लागले. जे कसेबसे ओवले ते निखाऱ्यात पडले. वहिनींनी उरलेलं पातेलं उचललं आणि शांतपणे म्हणाल्या, "खिमाच करायचा व्हता तर आदी सांगायचं ना, भावजी."

गणपत माथेरानच्या हॉटेलात कामाला, म्हणून आमच्यातला शेफ तोच. त्याचा नियम असा, की भाजलेलं मटण लगेच खायचं नाही, त्याला थोडा आराम द्यायचा. प्रकाश वैतागला. "टेंपो मी चालवला, आन् आराम याला?"

गणपत हात धुवायला गेला. आम्ही आराम देत बसलो आणि बसल्या बसल्या एकेक तुकडा चाखत राहिलो. तो परत आला तेव्हा ताटात लिंबाच्या फोडी होत्या. मटण झकास झालं होतं, असं आम्ही त्याला अजून सांगतो.

उन्हाळा सरता सरता रिपोर्ट आला. शुगर उतरली! आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आमच्याही. आनंदाच्या भरात प्रकाशनं डॉक्टरांनाच रविवारचं आमंत्रण दिलं.

डॉक्टर आले, मांडी घालून बसले. मटण पुन्हा पुन्हा मागून घेतलं. मधे मधे भात किती वाईट, हे आम्हाला समजावलं. मग बोटं चाटत इकडं तिकडं पाहिलं, आईकडं झुकले आणि हळूच म्हणाले, "आजी, थोडासा भात मिळेल का?"

आईनं त्यांच्या ताटात काकडी वाढली.

"डाक्टर, आदी तुमचा रिपोर्ट दावा."